माकडताप : डॉक्टरांना न सांगितलेली गोष्ट

१९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि भोवतालच्या खेड्यांतील माणसे तापाने फणफणली. आरंभी पीतज्वराची शंका घेतली गेली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या तपासात मात्र गोचिडांमार्फत पसरणारा एक नवाच विषाणू हाती लागला. हाच माकडताप. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यात दिसला.

नावामुळे फसगत होते. ‘मी माकडाजवळ गेलोच नाही’, असे रुग्ण सांगतो. पण रोग देते ते गोचिडाचे बारीक पिल्लू. त्याचा चावा बहुधा दुखत नाही, म्हणून आठवतही नाही. काजूच्या बागेत राबणारे, सरपण व पालापाचोळा आणणारे, गुरे राखणारे कष्टकरीच प्रामुख्याने त्याच्या तावडीत सापडतात.

अचानक थंडी वाजून चढणारा ताप, कपाळात ठणका, पाठ व पोटऱ्यांत असह्य वेदना, लाल डोळे, उलट्या, जुलाब. सारे डेंग्यू किंवा लेप्टोसारखेच भासते. मात्र त्या दोघांचा जोर पावसाळ्यात असतो, तर हा डिसेंबर ते मे या कोरड्या दिवसांत येतो. एप्रिलमधील तापाला ‘ऊन बाधले’ म्हणून सोडून देणे म्हणूनच धोक्याचे.

त्याहून फसवी गोष्ट दुसऱ्या तापाची. शंभरांतील दहा ते वीस रुग्णांना, बरे वाटून एक-दोन आठवडे लोटल्यावर, पुन्हा ताप येतो. हात कापतात, मान ताठरते, बोलणे असंबद्ध होते. घरचे लोक ‘बाहेरची बाधा’ समजून गाऱ्हाणे घालायला धावतात. ती बाधा नव्हे, मेंदूपर्यंत पोहोचलेला आजार असतो.

या विषाणूवर खास औषध नाही. शरीरातील पाणी टिकवणे, रक्तस्राव व रक्तदाबावर लक्ष ठेवणे हाच उपचार. शंभरांत तीन ते पाच रुग्ण दगावतात. अंगदुखीसाठी ॲस्पिरिनसारखी गोळी मनाने घेऊ नये; रक्तस्राव वाढतो. हिरड्यांतून वा नाकातून रक्त आल्यास थांबूच नये.

केसपेपर काढताना, डॉक्टरांनी विचारो वा न विचारो, ‘गेल्या आठ-दहा दिवसांत मी रानात कामाला होतो’ हे आपणहून सांगावे. आसपास मेलेले माकड दिसले असल्यास तेही सांगावे. त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.