हिराकसाची चुंबकी भुकटी व पाण्यांतील सोमल

हिराकस शेतकऱ्यांस अपरिचित नाहीं. चुनखडीच्या जमिनींत पिकाचीं पानें पिवळीं पडूं लागलीं म्हणजे लोहाची उणीव भरून काढण्यासाठीं त्याचें पाणी फवारितात. त्याच हिराकसापासून लोहचुंबकास चिकटणारी अतिसूक्ष्म काळी भुकटी होते व ती पाण्यांतील सोमल धरून ठेविते, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसेल.

पश्चिम बंगालमध्यें १९८३ च्या सुमारास व पुढें १९९३ सालीं बांगलादेशांत कूपनलिकांच्या पाण्यांत सोमल असल्याचें उघडकीस आलें. पाणी दिसावयास स्वच्छ, चवीस गोड. परंतु तें वर्षानुवर्षें पिणाऱ्यांच्या कातडीवर डाग, तळहातांस घट्टे व कित्येकांस शेवटीं कर्करोग. तेंच पाणी भातास दिल्यास विषाचा अंश दाण्यांतही उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेनें ठरविलेली मर्यादा लिटरास १० मायक्रोग्रॅम आहे; म्हणजे १ लक्ष लिटर पाण्यांत अवघा १ ग्रॅम!

ह्या भुकटीचें नांव मॅग्नेटाइट. फ्रान्समधील रेने मासार यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेली रीत आजही प्रयोगशाळांत चालते. हिराकसांतल्या जातीच्या लोहाचा एक भाग व फेरिक क्लोराइडांतील लोहाचे दोन भाग घ्यावयाचे. दोहोंच्या खड्यांचे रेणुभार (२७८ व २७०) जवळ जवळ सारखे असल्यामुळें वजनानेंही एकास दोन हेंच प्रमाण चालतें. उकळून थंड केलेल्या पाण्यांत दोन्ही विरघळवून, ढवळीत असतां, अमोनियाचें अथवा कॉस्टिक सोड्याचें पाणी मिसळतात. द्रावण पुरेसें क्षारयुक्त होतांच काळा साका बनतो. तो चुंबकानें तळाशीं धरून वरचें पाणी ओतून देतात व पुनःपुन्हां धुतात. पाणी उकळण्याचें कारण, त्यांतील हवा निघून जावी. प्राणवायु लागला कीं हिराकसांतील लोहाचें रूप पालटतें, प्रमाण बिघडतें व साका तांबूस उतरतो. म्हणून कोणी वरून नत्रवायुही सोडितात. पिवळट पडलेला जुना हिराकस ह्या कामास निरुपयोगीच.

असा कण सुमारें १० नॅनोमीटरचा असतो. एका मिलिमीटरांत दहा लक्ष नॅनोमीटर. ढेकूळ फोडलें कीं पृष्ठभाग वाढतो, हें आपण जाणतोंच. १२ नॅनोमीटरच्या कणांचा हिशेब केला, तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग ९६ चौरस मीटर, म्हणजे जवळ जवळ एक गुंठा भरतो. ज्याचा जन्म सातबाऱ्याच्या नोंदींत गेला, त्यास चिमूटभर भुकटींत गुंठा सामावलेला पाहून नवल वाटल्यावांचून राहत नाहीं. सोमल ह्याच पृष्ठभागास चिकटतो. शिवाय इतके लहान कण चुंबक दूर होतांच आपलें चुंबकत्व सोडतात. त्यामुळें ते एकमेकांस ओढून गोळा होत नाहींत. २००६ सालीं अमेरिकेंतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनीं, निराळ्या रीतीनें केलेले असे कण हातांत धरावयाच्या चुंबकानेंही पाण्यांतून काढतां येतात, असें दाखविलें.

तरीही हा उद्योग घरीं करूं नये, असें आमचें मत आहे. कॉस्टिक सोडा डोळ्यांत उडाल्यास दृष्टि जाते, आणि पाण्यांत फॉस्फेट किंवा सिलिका अधिक असल्यास तीं सोमलाची जागा अडवितात. म्हणून पाणी तपासल्यावांचून भुकटीचा भरंवसा धरतां येत नाहीं. वापरलेली भुकटी तर विषच होय. ती उकिरड्यावर, शेतांत वा ओढ्यांत टाकूं नये; बंद भांड्यांत ठेवून घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेच्या स्वाधीन करावी.