शेवटचा गडी बाद होईपर्यंत

मराठीच्या प्राध्यापिकेने बेसबॉलवर लेख लिहावा, हे पाहून आमच्या कॉलेजातले क्रीडाशिक्षक पोट धरून हसतील. आणि त्यांचे हसणे रास्त आहे. खेळांच्या बाबतीत माझी मजल, लहानपणी वडिलांशेजारी बसून बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे मराठी समालोचन ऐकण्यापलीकडे कधी गेली नाही. तरीही २००४ सालच्या ऑक्टोबरात, अमेरिकेतल्या बॉस्टन शहरी, एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंच्या संगतीत शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस मी जे पाहिले, ते इतकी वर्षे लोटली तरी विसरता आलेले नाही. तेव्हा वाचकहो, आज फराळाबरोबर थोडा बेसबॉल गोड मानून घ्या.

त्या वर्षी मी चोवीस वर्षांची होते. एम. ए. झाले होते, पण प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या नेट परीक्षेत दोनदा नापास होऊन घरी बसले होते. तोंडावर कुणी काही बोलत नसे; फक्त संगणकाच्या वर्गांची माहितीपत्रके माझ्या उशाशी आपोआप येऊन पडत. अशात बॉस्टनला ताईचे पहिले बाळंतपण आले. वडिलांच्या आजारपणामुळे आईला घर सोडता येईना, म्हणून डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा घेऊन माझी रवानगी झाली. माहेरचे माणूस म्हणून मी गेले खरी. पण खरे सांगायचे तर मी पळून गेले होते.

ताई-भाऊजींचे घर लाकडी, तिमजली होते. बॉस्टनच्या जुन्या वस्त्यांत अशी घरे ओळीने उभी आहेत. एका मजल्यावर एक बिऱ्हाड. तळमजल्यावर घरमालकीणबाई एकट्याच राहत. ताई त्यांना ‘खालच्या आजी’ म्हणे, म्हणून मीही आजीच म्हणू लागले. त्यांचे बोलणे कळायला मला आठवडा लागला. बॉस्टनचे जुने लोक शब्दातला ‘र’ गिळतात. ‘कार’ची ‘का’ होते आणि ‘पार्क’चा ‘पाक’! पण एक शब्द मात्र पहिल्याच दिवशी कळला. तो म्हणजे ‘सॉक्स’, बॉस्टनचा बेसबॉल संघ रेड सॉक्स.

सामन्याच्या संध्याकाळी आजींचा एक ठराविक विधी असे. टीव्ही लावायचा, त्याचा आवाज पार बंद करायचा आणि शेजारचा रेडिओ सुरू करायचा. जो कॅस्टिग्लिओन नावाचे गृहस्थ १९८३ पासून रेड सॉक्सचे सामने रेडिओवर सांगत असत (ते थेट २०२४ साली निवृत्त झाले), आणि आजींचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांच्यावर अधिक विश्वास. मांडीवर आखीव चौकटींची वही आणि हातात पेन्सिल. प्रत्येक फलंदाजाचे काय झाले ते खुणांनी एकेका चौकटीत लिहायचे. ही विद्या त्यांना वडिलांनी १९४६ साली शिकवली होती. तेव्हा आजी सोळा वर्षांच्या होत्या.

त्या वह्यांत काय होते? पराभव. रेड सॉक्सने वर्ल्ड सीरीज, म्हणजे या खेळाचे सर्वांत मोठे अजिंक्यपद, शेवटचे जिंकले ते १९१८ साली. तेव्हा आजींचे वडील शाळकरी पोर होते. त्या संघात बेब रूथ नावाचा जवान गडी होता. १९१९ च्या डिसेंबरात संघाच्या मालकाने त्याला न्यूयॉर्कच्या यांकी संघाला एक लाख डॉलरना विकून टाकले. पुढे रूथ जगप्रसिद्ध झाला. यांकींनी २००० सालापर्यंत सव्वीस वेळा वर्ल्ड सीरीज जिंकली; बॉस्टनच्या हाती मात्र पुन्हा एकदाही ती लागली नाही. १९४६, १९६७, १९७५ आणि १९८६ अशा चार वेळा अंतिम फेरी गाठली आणि चारही वेळा निर्णायक सातव्या सामन्यात हार खाल्ली. लोक त्याला रूथचा शाप म्हणत. आजींना त्या शब्दाचा राग येई. “शाप कसला? धावा कमी पडल्या,” एवढेच त्या म्हणत.

क्रिकेट ठाऊक असलेल्याला हा खेळ अर्ध्या तासात कळतो. चेंडू टाकणारा तो पिचर. तो टप्पा न पाडता थेट फेकतो. एका संघाचे तीन गडी बाद झाले की दुसऱ्याची पाळी. दोघांची पाळी झाली की एक डाव. असे नऊ डाव. मैदानावर चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात. पहिल्यापासून निघून चौथ्या घरच्या ठाण्यावर परतले की एक धाव. नऊ डावांत बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत डाव वाढत जातात. शेवटचा गडी बाद होत नाही तोवर कितीही रात्र झाली तरी सामना चालू.

त्या ऑक्टोबरात अंतिम फेरीच्या आधीच्या फेरीत बॉस्टनची गाठ यांकींशीच पडली होती. सातांपैकी चार सामने जिंकायचे. न्यूयॉर्कमधले पहिले दोन बॉस्टनने गमावले. पुढचे तीन बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर व्हायचे होते.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर. नवरात्राची दुसरी माळ. आजींच्या पुतण्याकडे त्या दिवसाच्या सामन्याची दोन तिकिटे होती. पण पावसाने सामना शनिवारवर ढकलला. पुतण्या अग्निशमन दलात. शनिवारी त्याची रात्रपाळी. त्याने दोन्ही तिकिटे आजींच्या हाती ठेवली आणि आजी जिना चढून वर आल्या. “धाकटीला पाठव माझ्याबरोबर,” त्या ताईला म्हणाल्या. “हिला नुसते लंगोट धुवायला आणलंयस का अमेरिकेत?”

फेनवे पार्क हे १९१२ साली बांधलेले मैदान. शहराच्या दाट वस्तीत, असेल त्या जागेत बसवलेले, म्हणून अंगाने वेडेवाकडे. डाव्या हाताला सुमारे ३७ फूट उंचीची हिरवी भिंत, आणि तिच्या पायथ्याशी धावफलक. त्यावरचे आकडे भिंतीच्या आत बसलेली माणसे हातांनी बदलतात. खुर्च्या अरुंद, थंडी कडाक्याची. आजींनी मांडीवर घोंगडी पसरली आणि वही उघडली.

तीन डावांनंतर धावा ६-६ अशा सारख्या होत्या. मग धरण फुटावे तसे झाले. चौथ्या डावात यांकींनी पाच धावा काढल्या, पाचव्यात दोन, सातव्यात चार. जपानहून आलेल्या हिदेकी मात्सुइने दोन वेळा चेंडू मैदानाबाहेर भिरकावला. भिंतीतली माणसे आकडे बदलता बदलता दमली असतील! लोक उठू लागले. आमच्या रांगेत आम्ही दोघी आणि एक झोपलेला मुलगा व त्याचा बाप, एवढेच उरलो. माझी बोटे गारठली होती. मी हळूच म्हटले, “आजी, निघायचं का?”

त्यांनी पेन्सिलीचे टोक मैदानाकडे केले. “तो बघ वेकफील्ड. तो कुठं निघालाय?”

टिम वेकफील्ड हा अडतीस वर्षांचा पिचर. दुसऱ्या दिवशीचा सामना त्याने सुरू करायचा होता. अशी संधी पिचर जिवापलीकडे जपतो. पण शनिवारी एकामागून एक पिचर झोडपले जात होते. सगळेच थकले तर उद्या टाकायचे कुणी? म्हणून वेकफील्ड स्वतःहून पुढे झाला, आपली उद्याची पाळी त्याने सोडली आणि हरलेल्या सामन्यात मार खायला उभा राहिला. आदल्या वर्षी याच यांकींविरुद्ध सातव्या सामन्यात, अकराव्या डावात, त्याच्याच चेंडूवर बॉस्टन हरले होते.

त्याचा चेंडूही विलक्षण. इतर पिचर ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने फेकतात. याचा चेंडू शंभरच्या थोडा पुढे. बोटांच्या टोकांनी धरून तो असा सोडायचा की चेंडूने स्वतःभोवती जवळजवळ फिरूच नये. आपल्याकडे चेंडू फिरतो म्हणून वळतो. हा फिरत नाही, म्हणून शिवणीवरून जाणारी हवा त्याला इकडेतिकडे डुलवते. तो कुठे जाईल ते फलंदाजाला ठाऊक नसते आणि टाकणाऱ्यालाही नसते.

त्या रात्री त्यालाही मार पडला. १९-८. मध्यरात्र उलटून गेली होती. आजींनी शेवटच्या चौकटीत खूण केली, खाली तारीख घातली आणि मगच घोंगडीची घडी केली. “बाबा म्हणायचे,” त्या जिना उतरता उतरता म्हणाल्या, “शेवटचा गडी बाद होताना कुणीतरी बघायला हवं. त्या पोरांनी रिकाम्या खुर्च्यांपुढं का हरायचं?”

मी काही बोलले नाही. मला उशाशी पडलेली ती माहितीपत्रके आठवत होती.

रविवारी कुणाला आशा नव्हती. तीन सामने हरून पुढचे चार जिंकण्याचा पराक्रम बेसबॉलच्या इतिहासात तोवर एकाही संघाने केला नव्हता. रात्री भाच्याचे पोट दुखू लागले. ताईला जरा झोप मिळावी म्हणून मी त्याला खाली आजींकडे घेऊन आले. महिन्याचे ते पोर माझ्या खांद्यावर निजले आणि आजींनी रेडिओ अगदी बारीक केला.

नववा डाव. यांकी ४-३ ने पुढे. त्यांचा पिचर मारियानो रिव्हेरा. अशा वेळी त्याच्यासारखा भरवशाचा माणूस दुसरा नाही. बॉस्टनचा एक गडी पहिल्या बेसवर पोचला. त्याच्या जागी डेव्ह रॉबर्ट्स नावाचा चपळ गडी बदली म्हणून धावायला आला. आपल्या समालोचनात ‘चोरटी धाव’ म्हणतात ना, तसा इथे गडी पिचरची नजर चुकवून पुढचा बेस चोरतो. पण नजर चुकवायची कुणाची? रॉबर्ट्स चोरणार हे मैदानातल्या पस्तीस हजार माणसांना ठाऊक होते, तसे रिव्हेरालाही. त्याने तीनदा चेंडू पहिल्या बेसकडे फेकून पाहिला. मग फलंदाजाकडे टाकला, आणि रॉबर्ट्स सुटला. वीतभराच्या फरकाने तो दुसऱ्या बेसवर सरपटत पोचला! बिल म्यूलरने पुढे फटका मारला, रॉबर्ट्स घरी आला. ४-४.

बाराव्या डावात रात्रीचा एक वाजून गेला होता. डेव्हिड ऑर्टिझने चेंडू मैदानाबाहेर भिरकावला. बॉस्टन ६-४ ने जिंकले. आजी ताडकन उठल्या, ओरडायला तोंड उघडले, माझ्या खांद्यावरच्या पोराकडे पाहिले, आणि हातातले भांडी पुसायचे फडके तोंडात कोंबले! चौऱ्याहत्तर वर्षांची बाई तोंडात फडके धरून स्वयंपाकघरभर गोल गोल फिरत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. रस्त्यावर मोटारींचे भोंगे वाजू लागले, तेव्हा पोर जागे झालेच. मग आम्ही तिघांनीही मनसोक्त ओरडून घेतले.

सोमवारचा सामना चौदा डाव चालला, जवळजवळ सहा तास. शेवटचे तीन डाव टाकायला कोण आला असेल? वेकफील्ड! त्याचे चेंडू झेलायला एरवी वेगळा गडी मोठा हातमोजा घालून बसे. त्या वेळी तो नव्हता. तेराव्या डावात झेलणाऱ्याच्या हातून चेंडू तीनदा निसटला. आजींच्या पेन्सिलीचे टोक मोडले. पण एकही धाव गेली नाही, आणि चौदाव्यात पुन्हा ऑर्टिझच्याच फटक्यावर बॉस्टन ५-४ ने जिंकले. विजय वेकफील्डच्या नावे लागला. आजींनी नवे टोक काढून त्याचे नाव पुन्हा गिरवले.

पुढचे थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कला जाऊन बॉस्टनने उरलेले दोन्ही सामने जिंकले. मग वर्ल्ड सीरीजमध्ये सेंट लुईसच्या संघाला ओळीने चार सामन्यांत हरवले. १९४६ साली याच सेंट लुईसने आजींना पहिल्यांदा रडवले होते. शेवटचा सामना २७ ऑक्टोबरला झाला. ती कोजागिरीची रात्र होती आणि चंद्राला खग्रास ग्रहण लागले होते. ताईने मसाल्याचे दूध केले होते. ग्रहणात प्यावे की नाही यावर तिचा पुण्याला फोन चालू असताना खाली शेवटचा गडी बाद झाला. आजींनी शांतपणे चौकट भरली. शहाऐंशी वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाऊजींना मोटार काढायला लावली. वडिलांच्या थडग्यावर जायचे होते. दफनभूमीत पाहतो तो आणखी कितीतरी दगडांपुढे लाल टोप्या, पताका, सकाळची वर्तमानपत्रे ठेवलेली! आपला पितृपक्ष संपून दोन आठवडे झाले होते. इथे जणू त्या दिवशी सुरू झाला होता. आजींनी वहीतून एक पान काढले आणि दगडाखाली दाबले. मला वाटले, कालच्या विजयाचे असेल. वाकून पाहिले, तर ते शनिवारचे होते. १९-८ चे.

“जिंकल्याचं काय, त्यांच्या कानावर गेलंच असेल,” आजी म्हणाल्या. “आपण उठून गेलो नव्हतो, हे कळायला हवं.”

मी परत आले आणि डिसेंबरात पुन्हा परीक्षेला बसले. वाचकांना वाटेल, आता उत्तीर्ण झाले असेन. छे! तिसऱ्यांदाही नापास झाले. बेसबॉल पाहिला म्हणून परीक्षक विरघळत नाहीत. पण त्या वेळी निकालाचा कागद मी फाडला नाही. तारीख घालून फायलीत ठेवला. चौथ्या वेळी जमले.

आजी आता नाहीत. टिम वेकफील्ड १ ऑक्टोबर २०२३ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी गेला. खांद्यावर निजलेला तो भाचा विशीत आला आहे आणि त्याला बेसबॉल कंटाळवाणा वाटतो! माझ्या विशेष मराठीच्या वर्गात हल्ली सात विद्यार्थी असतात. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी शहर तुंबले आणि वर्गात एकच मुलगी आली, नखशिखान्त भिजलेली. “मॅडम, आज तास नसेल ना?” तिने विचारले.

मी तिला पुढच्या बाकावर बसवले, हजेरी घेतली आणि घंटा होईपर्यंत शिकवले.