तीन पिढ्या आणि एक थीम पार्क

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात ग्रिफिथ पार्क नावाचे एक विस्तीर्ण सार्वजनिक उद्यान आहे. चित्रपटनिर्माते वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुली लहान असताना सुटीच्या दिवशी त्यांना तेथे नेत असत. मुली फिरत्या चक्रातील लाकडी घोड्यांवर बसत आणि वडील जवळच्या बाकावर शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत. मुलांबरोबर आईवडिलांनाही रमता येईल अशी एखादी जागा का असू नये, हा विचार आपल्याला त्या बाकावर सुचला, असे डिस्ने ह्यांनी पुढे अनेकदा सांगितले. ह्याच विचारातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्निया राज्यातील अनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले.

करमणुकीची उद्याने त्यापूर्वीही होतीच. कोपनहेगन येथील टिव्होली हे उद्यान १८४३ पासून चालू आहे. परंतु जत्रेत किंवा साध्या करमणूक-उद्यानात पाळणे, चक्रे आणि दुकाने एकमेकांशेजारी केवळ उभी केलेली असतात. थीम पार्कमध्ये प्रत्येक विभाग एखाद्या कल्पनेभोवती रचलेला असतो. तेथील इमारती, झाडे, संगीत, कर्मचाऱ्यांचे पोशाख, एवढेच नव्हे तर कचऱ्याच्या पेट्यासुद्धा त्या कल्पनेला धरून असतात. त्यामुळे पाळण्यात न बसणाऱ्यालाही तेथे पाहण्यासारखे पुष्कळ असते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लोरिडा राज्यात ऑरलँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झाले, तेव्हा ही कल्पना फार मोठ्या प्रमाणावर साकार झाली. सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या ह्या परिसरात आज चार थीम पार्क आहेत. त्यांपैकी मॅजिक किंगडम हे सर्वांत जुने होय.

मात्र डिस्ने ह्यांच्या मूळ विचारात आईवडील आणि मुले अशा दोनच पिढ्या होत्या. आजी-आजोबा बरोबर निघाले की जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि बाकावर आता आजी बसलेली दिसते. तिच्या मांडीवर सर्वांच्या पिशव्या असतात आणि "मी बसते इथे, तुम्ही या जाऊन," हे तिचे वाक्य दिवसभरात पाच-सहा वेळा ऐकू येते. नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे भारतातून जाणाऱ्या आईवडिलांच्या वाट्याला हा अनुभव विशेष येतो. अशी सहल बहुधा एकदाच घडते. म्हणूनच तिची आखणी कशी करावी, ह्याचा येथे थोडा तपशिलात विचार करावयाचा आहे.

वेगवेगळी शरीरे, एकच दिवस

तीन पिढ्यांच्या आवडी निरनिराळ्या असतात, ही अडचण आपण समजतो तेवढी मोठी नाही. खरी अडचण शरीराची असते. चार वर्षांच्या मुलाला दुपारी झोप लागते आणि बारा वर्षांच्या मुलाला त्याच वेळी उत्साहाचे भरते येते. सत्तरीच्या आजोबांचे गुडघे सकाळी दोन तास चांगली साथ देतात, पण नंतर देत नाहीत. आईवडील ह्या तिघांच्या मध्ये उभे असतात.

आरंभ अंतरापासून करू. मॅजिक किंगडमचे मुख्य वाहनतळ प्रवेशद्वारापासून दूर, एका मोठ्या तलावाच्या पलीकडे आहे. मोटार उभी केल्यावर तलावाच्या काठापर्यंत यावे लागते आणि तेथून बोटीने किंवा एकरुळी गाडीने म्हणजे मोनोरेलने द्वाराशी जावे लागते. गर्दी असेल तर एवढ्यातच अर्धा-पाऊण तास जातो. आत शिरल्यावर दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालणे सहज घडते. १९८२ मध्ये सुरू झालेल्या एपकॉट ह्या दुसऱ्या उद्यानात अकरा देशांची दालने एका तलावाभोवती मांडलेली आहेत. ती वाट एकदा पुरी करावयाची म्हटली तरी सुमारे दोन किलोमीटर भरते. घरी रोज अर्धा तास फिरणाऱ्या माणसाला हे आकडे आधी ठाऊक असले पाहिजेत.

दुसरी गोष्ट हवामानाची. मध्य फ्लोरिडाचा उन्हाळा दमट असतो. जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांत दुपारनंतर गडगडाटासह पाऊस वारंवार येतो आणि विजांचा धोका असेपर्यंत उघड्यावरील खेळ बंद ठेवले जातात. भारतीय माणसाला ऊन नवे नाही, हे खरे. परंतु भर दुपारी उन्हात चालत राहण्याची सवय आपल्याकडेही कोणी लावून घेत नाही. सवड असेल तर मुलांच्या सुट्यांचा हंगाम टाळून थंडीच्या आरंभी किंवा अखेरीस जावे. नाताळ ते नववर्ष ह्या आठवड्यात मात्र गर्दी अतोनात असते.

तिसरी गोष्ट खेळांवरील निर्बंधांची. वेगाच्या खेळांना किमान उंचीची अट असते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या स्पेस माउंटन ह्या अंधारातील रोलर कोस्टरसाठी ती ११२ सेंटिमीटर आहे, तर सात बुटक्यांच्या खाणीतील गाडीसाठी ९७ सेंटिमीटर आहे. प्रवेशाच्या ठिकाणी उंची खरोखरीच मोजली जाते आणि तेथे विनवणी चालत नाही. दोन तास मनात बाळगलेली आशा रांगेच्या तोंडाशी मोडली की लहान मुलाचा सारा दिवस बिघडतो. तेव्हा मुलाची उंची घरी भिंतीशी उभे करून मोजावी आणि त्याला कोणत्या खेळात बसता येईल हे आधीच सांगावे. अशा खेळांबाहेर हृदयविकार, पाठीचे वा मानेचे दुखणे आणि गर्भारपण ह्यांविषयी सूचना लावलेल्या असतात. त्या वडील मंडळींनी औपचारिक समजू नयेत.

रांगेचे गणित

थीम पार्कमधील दिवसाचा मोठा भाग रांगेत जातो. रांग कशी वाढते हे समजले तर तीतील पुष्कळ वेळ वाचवता येतो.

प्रत्येक खेळाची एक क्षमता असते. समजा, एखाद्या खेळातून तासाला १,००० माणसे जाऊ शकतात आणि पुढे ५०० माणसे उभी आहेत, तर आपल्याला अर्धा तास थांबावे लागेल. क्षमता २५० असेल तर तेवढीच रांग दोन तासांची होते. म्हणून रांगेची लांबी पाहून अंदाज बांधणे फसवे असते. ज्या खेळात बोटी किंवा गाड्या एकामागून एक अखंड येत राहतात, तेथील रांग लांब असली तरी भराभर सरकते. ज्यात सर्वांना बसवून, चक्र फिरवून, थांबवून, पुन्हा सर्वांना उतरवावे लागते, तेथील आखूड रांगही रेंगाळते. उडत्या हत्तींचा डंबो हा खेळ ह्या दुसऱ्या प्रकारचा आहे. तेथील रांग लहान मुलांना सोसवत नसे. २०१२ मध्ये शेजारी तसेच दुसरे चक्र उभारून त्याची क्षमता दुप्पट करण्यात आली.

उद्यान उघडताच पहिल्या तास-दीड तासात आत आलेली माणसे क्षमतेपेक्षा कमी असतात. त्यामुळे दुपारी दोन तास घेणारे खेळ त्या वेळी थोडक्यात होतात. रांग चुकवण्यासाठी वेळ राखून ठेवण्याची पद्धत १९९९ मध्ये येथे विनामूल्य सुरू झाली. २०२१ पासून त्या सोयीसाठी वेगळे पैसे द्यावे लागतात. ही सोय कुटुंबातील प्रत्येकासाठी विकत घेण्याची गरज नसते. जे खरोखर वेगाच्या खेळात बसणार आहेत, त्यांच्यापुरती ती घेतल्यास खर्च निम्म्यावर येऊ शकतो.

खर्चाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तीन वर्षांखालील मुलाला येथे तिकीट लागत नाही, तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना मुलांचे तिकीट लागते आणि दहा वर्षांपुढील सर्वांना प्रौढांचे तिकीट घ्यावे लागते. म्हणजे रोलर कोस्टरमध्ये चार वेळा बसणाऱ्या नातवासाठी आणि बाकावर पिशव्या सांभाळणाऱ्या आजीसाठी सारखीच रक्कम मोजलेली असते.

आणखी एका सोयीची माहिती अनेक कुटुंबांना नसते. आईवडील दोघांनाही एखाद्या खेळात बसावयाचे आहे, पण बरोबरचे मूल त्यासाठी लहान आहे, अशा वेळी कर्मचाऱ्याला तसे सांगावे. एकजण आत जातो आणि दुसरा मुलाजवळ थांबतो. पहिला परतल्यावर दुसऱ्याला पुन्हा सबंध रांग न लावता आत सोडले जाते. ही व्यवस्था असताना नातवंडाला आजीकडे सोपवून जाण्याचे कारण उरत नाही.

दिवसाची आखणी

सर्वांनी सर्व वेळ एकत्र राहावे, असा आग्रह बहुतेक कुटुंबे धरतात. प्रेमातून उपजलेल्या ह्या आग्रहानेच सहल बिघडते. सात माणसांचा जथा सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या गतीने चालतो. त्यामुळे मोठी मुले कंटाळतात आणि सावकाश चालणाऱ्याला आपण अडचण झालो असे वाटू लागते. त्यापेक्षा कोठे एकत्र यावयाचे आणि कोठे वेगळे व्हावयाचे, हे आदल्या रात्रीच ठरवावे. दिवसाचे तीन भाग करणे सोयीचे पडते.

सकाळचा भाग सर्वांचा असावा. अंगात ताकद असते, ऊन कमी असते आणि रांगा आखूड असतात. तीनही पिढ्यांना एकत्र बसता येईल असे खेळ ह्याच वेळी घ्यावेत. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' हा बोटीचा प्रवास १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी तयार करण्यात आला होता. देशोदेशींच्या बाहुल्यांमधून बोट संथपणे जाते. त्यात उंचीची अट नाही आणि धक्केही नाहीत. त्याच प्रदर्शनातून १९७५ मध्ये येथे आलेले 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' हे फिरते नाट्यगृहही आवर्जून लक्षात ठेवावे. त्यात प्रेक्षक खुर्च्यांवर बसलेले असतात आणि प्रेक्षागृहच रंगमंचांभोवती फिरते. विजेच्या आगमनाने एका कुटुंबाचे घर कसकसे बदलत गेले, हे त्यात चार प्रवेशांत दाखविले आहे. कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेल्या आजोबांना हा विषय समजावून सांगावा लागत नाही. उलट बाहेर पडल्यावर तेच नातवंडांना चार गोष्टी सांगू शकतात.

दुपारचा भाग वेगवेगळा असावा. लहान मुले आणि वडील मंडळी ह्यांनी मुक्कामाच्या ठिकाणी परतून दोन-तीन तास विश्रांती घ्यावी. मोठ्या मुलांनी आई किंवा वडील ह्यांच्याबरोबर वेगाचे खेळ करावेत. मुक्काम जवळ घेतल्यास थोडे अधिक भाडे पडते, पण ही दुपार त्यामुळेच शक्य होते. विश्रांतीसाठी परतणे म्हणजे तिकिटाचे पैसे वाया घालवणे नव्हे. जी कुटुंबे दुपारी परतत नाहीत, त्यांची मुले संध्याकाळी रडतात आणि मोठी माणसे एकमेकांवर चिडतात.

संध्याकाळी पुन्हा सर्वांनी एकत्र यावे. जेवण, मिरवणूक किंवा रात्रीचे शोभेचे दारूकाम ह्यांपैकी एखादा कार्यक्रम सर्वांनी मिळून पाहावा. भेटण्याची जागा आणि वेळ नेमकी ठरवावी. भ्रमणध्वनीवर सारी भिस्त ठेवू नये. गर्दीत घंटा ऐकू येत नाही आणि संध्याकाळपर्यंत विद्युत्‌घट संपलेला असतो. घरून आणलेले कोरडे खाद्यपदार्थ ह्या उद्यानांत नेता येतात. पथ्य पाळणाऱ्यांना आणि शाकाहारी मंडळींना ही मोठीच सोय आहे.

बाकावरील माणूस

सर्वांत नाजूक भाग शेवटी घेतला आहे. आपल्या घरांत वडील माणसे सहसा दुखणे बोलून दाखवीत नाहीत. "माझी काळजी करू नका," असे त्यांनी म्हटले म्हणजे काळजीचे कारण नाही, असे समजू नये. चाकांची खुर्ची उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळ भाड्याने मिळते. पण ती घेऊ का, असे सर्वांसमोर विचारले तर उत्तर नकारार्थीच येणार. हे बोलणे घरी, सहलीच्या कितीतरी आधी आणि शक्यतो मुलाने किंवा मुलीने एकट्यानेच करावे. खुर्ची आजारासाठी नसून अंतरासाठी आहे, हे शांतपणे पटवून द्यावे. रोजची औषधे, पाण्याची बाटली आणि परदेशी प्रवासाचा आरोग्यविमा ह्यांची तजवीज त्याच वेळी करावी.

त्याचबरोबर प्रत्येकाला, अगदी चार वर्षांच्या मुलापासून ऐंशीच्या पणजीपर्यंत, "ह्या दिवसात तुला नक्की काय हवे आहे?" असा एकच प्रश्न विचारावा आणि प्रत्येकाची एक इच्छा कार्यक्रमात पक्की बसवावी. कोणाला रोलर कोस्टर हवा असेल, तर कोणाला केवळ नातीचा हात धरून बोटीतून तलाव ओलांडावयाचा असेल. आजीला बाकावरच बसावयाचे असेल तर तेही योग्यच आहे. मात्र तो बाक सावलीत असावा, समोर पाहण्यासारखे काही असावे, शेजारी घरचे एखादे माणूस असावे आणि पिशव्या पैसे भरून मिळणाऱ्या कुलपाच्या कप्प्यात असाव्यात.

हीच रीत आपल्या देशातही उपयोगी पडते. हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी, कोची येथे २००० मध्ये वीगालँड ह्या नावाने सुरू झालेले उद्यान किंवा खोपोलीजवळचे इमॅजिका येथे जाताना अंतरे, ऊन आणि रांगा ह्यांचा असाच हिशेब करावा लागतो. आपल्याकडील काही उद्यानांत मुलाचे तिकीट वयावर नव्हे, तर उंचीवर ठरते, एवढा फरक ध्यानात ठेवावा. निघण्यापूर्वी कोणते खेळ दुरुस्तीसाठी बंद आहेत, ह्याचीही चौकशी करावी. आणि परतीच्या प्रवासात, दमून सर्वजण गप्प होण्यापूर्वी, वडील माणसांना दिवसातील काय आवडले ते विचारावे. पुढच्या सहलीची आखणी त्या उत्तरापासून सुरू करता येते.