पोचा काढण्याची बदलती विद्या

भांड्याला पडतो तो पोचा. मोटारीला पडला की त्याचा ‘डेंट’ होतो. पुण्यातल्या हातकारागिरांच्या अवजारांच्या नोंदी ठेवताना मी तांबट आळीतून गॅरेजांकडे वळलो तो या पोच्याच्या मागावर.

गॅरेजातली जुनी रीत बहुतेकांनी पाहिली असेल. डेंटर पत्र्यामागे लोखंडी डॉली धरतो, पुढून हातोडीने ठोकतो आणि पत्रा साधारण पातळीवर आणतो. उरलेली उणीव पुट्टी भरून काढते. ती वाळली की पोऱ्या पॉलिश पेपरने घासत बसतो. मग प्रायमर, मग पेंटर. एका दाराला दोन-तीन दिवस सहज जातात. पुट्टी ही खरे तर डेंटरला मिळालेली सवलत आहे.

‘पेंटलेस डेंट रिपेअर’, म्हणजेच पीडीआर, या नव्या रीतीत ही सवलत नाही. दाराचे अस्तर काढून किंवा काचेच्या फटीतून लांब, वाकड्या पोलादी सळ्या आत घालायच्या आणि पोच्याच्या पाठीमागून पत्रा कणाकणाने वर दाबायचा. मागे सळी पोहोचत नसेल तर पुढून प्लास्टिकची टिकली गरम गोंदाने चिकटवून ओढायचे. पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा. त्यातला बारीक उंचसखलपणा नुसत्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून शेजारी पट्ट्यापट्ट्यांचा दिवा ठेवतात. कारागिराची नजर असते ती रंगात पडलेल्या पट्ट्यांच्या प्रतिबिंबावर. पट्टा वाकला तिथे पोचा. पट्टा सरळ झाला की काम संपले. सळी जास्त दाबली गेली तर वर टेंगूळ येते. ते बोथट ठोकणीने हलकेच बसवावे लागते. साध्या पोच्याला तास-दोन तास पुरतात. तांबट मठारकामात ठोके मुद्दाम उमटवतो, त्यांनी तांबे कडक होते आणि झळाळते. इथे ठोका दिसला तर काम बिघडले. तरी चकाकीवरून धातू वाचण्याची नजर दोघांची एकच, असे मला वाटते.

रंगाला चीर गेली असेल किंवा पत्र्याला धारदार घडी पडली असेल, तर मात्र ही रीत चालत नाही.

परदेशात तिला मोठे काम दिले ते गारांनी. 12 जुलै 1984 रोजी म्युनिकमध्ये झालेल्या गारपिटीत सुमारे 2 लाख मोटारींचे नुकसान झाले होते. गारांनी एकेका टपावर शेकडो पोचे पडतात, पण रंग बहुधा शाबूत राहतो. अशी गाडी सबंध रंगवणे विमा कंपनीला महाग पडते.

आपल्याकडची कारणे वेगळी आहेत. विम्याचा क्लेम न केल्यास ‘नो क्लेम बोनस’ पहिल्या वर्षानंतर 20 टक्के मिळतो आणि वाढत वाढत 50 टक्क्यांवर जातो. एका पोच्यापायी तो घालवण्यापेक्षा मालक पदरचे पैसे देतो. शिवाय जुनी गाडी घेणारे आता रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावतात. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. पुट्टी असेल तिथे आकडा कित्येक पट चढतो आणि भाव पडतो.

यात पेंटरचे किरकोळ काम जाते, हे उघड आहे. मला जास्त काळजी वाटते ती पोऱ्याची. घासकाम करता करता, छोट्या पोच्यांवर हात बसवत तो डेंटर होत असे, आणि त्या काळात त्याला थोडीफार मजुरी मिळे. मोठ्या अपघाताच्या गाड्यांत तर हल्ली ठोकण्यापेक्षा अख्खे पॅनलच बदलण्याकडे कल आहे. पीडीआर एकट्याने करायचे काम. त्यात मदतनिसाला फारसे स्थान नाही. पुट्टी कमी लावण्याबद्दल ज्यांचा लौकिक होता, असे जुने डेंटर ते लवकर उचलतात, असे माझे निरीक्षण आहे. नवख्याला महिनोन् महिने सराव लागतो. तो भंगारातल्या बॉनेटवर करायचा. ते बॉनेट विकत आणावे लागते, आणि त्या महिन्यांची मजुरी कोणी देत नाही.