चला, सड्यावर जाऊ या!

सहल म्हटलं की आपल्या महिला मंडळांची ठरलेली ठिकाणं असतात. गणपतीपुळे, पावस, मार्लेश्वर, फार तर कोल्हापूरची अंबाबाई. देवदर्शन आणि थोडी खरेदी झाली की संध्याकाळी दिवाबत्तीला घरी हजर! त्यात वाईट काहीच नाही. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळात एकीने वेगळाच प्रस्ताव मांडला, "या वर्षी कातळशिल्पं बघायला जाऊ या." क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. मग एक काकू म्हणाल्या, "अगं, सड्यावर काय बघायचंय? तिथं तर गुरंसुद्धा उन्हाळ्यात फिरकत नाहीत!"

काकूंचंही चुकीचं नव्हतं. आपण कोकणातल्या बायका सड्याला वैतागलेल्याच असतो. पावसाळ्याचे चार महिने तिथं पाणीच पाणी आणि रानफुलांचे गालिचे. दिवाळी सरली की गवत पिवळं पडतं आणि फेब्रुवारी-मार्चपासून नुसता काळा, तापलेला जांभा. झाड नाही, सावली नाही, पाण्याचा थेंब नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या आपल्या जिल्ह्यातलं हे वाळवंटच म्हणा ना! आणि याच वाळवंटात जगातल्या अभ्यासकांना रत्नागिरीकडे वळायला लावणारा ठेवा पडून आहे.

कातळावरची रांगोळी

कातळशिल्पं म्हणजे सड्याच्या सपाट जांभ्या कातळावर कोरलेल्या आकृत्या. माणसं, हत्ती, वाघ, पक्षी, मासे, कासवं आणि काही असे चौकोनी-गोलाकार नक्षीकाम, की अंगणातली रांगोळीच आठवावी. फरक एवढाच, की आपली रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते आणि ही हजारो वर्षं टिकून आहे.

किती हजार? कातळात कोरलेल्या रेषेचं वय थेट मोजणं सोपं नसतं. पण अभ्यासकांनी एक साधी गोष्ट हेरली. या चित्रांत शिकारीची जनावरं आहेत, समुद्रातले मासे आहेत, पण शेतीची खूण नाही. नांगर नाही, बैलजोडी नाही. म्हणजे ही चित्रं काढणारी माणसं शेती शिकण्याआधीची, शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणारी असावीत, असा अंदाज बांधला गेला. काही शिल्पं दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असावीत, असं पुरातत्त्वाचे जाणकार मानतात. त्यांत गेंडा आणि पाणघोडाही आहे म्हणे! आज कोकणात हे प्राणी औषधालाही सापडायचे नाहीत. मग एक तर ते तेव्हा इथं होते, नाही तर काढणाऱ्यांनी दुसरीकडे कुठे पाहिले होते. कुठलंही उत्तर घेतलं तरी आपल्या सड्याचा इतिहास एकदम लांब पल्ल्याचा होतो.

दक्षिण अमेरिकेत पेरू देशात नाझकाचं वाळवंट आहे. तिथं जमिनीवरचे खडे बाजूला सारून काढलेली प्रचंड चित्रं बघायला जगभरचे लोक जातात, छोट्या विमानांतून आकाशात फिरतात. ती चित्रं साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. टिकली, कारण तिथं पाऊसच जवळजवळ पडत नाही. आपल्याकडे दरवर्षी मृग-आर्द्रा धो धो कोसळतात आणि तरीही ही शिल्पं टिकली, कारण ती कातळातच खोदलेली आहेत. आणि ती बघायला विमान लागत नाही. भाड्याची गाडी, डबा आणि घरच्यांची परवानगी... नव्हे, घरच्यांना दिलेली आगाऊ सूचना पुरते!

शोध लागला तरी कसा?

शिल्पं गावकऱ्यांना माहीतच होती. गुराख्यांना तर पाठच होती. कुणी म्हणायचं पांडवांनी काढली, कुणी म्हणायचं देवाचं काम. सिंधुदुर्गातल्या कुडोपी गावात तर त्या जागेचं नावच 'बाहुल्यांचं टेंब' आहे! पण सगळ्यांची मिळून एक मोठी गोष्ट आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी 'निसर्गयात्री' संस्थेच्या माध्यमातून गावोगाव फिरायला सुरुवात केली. पोटापाण्याचे उद्योग सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, पदरमोड करून. म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, गुराख्यांना विचारायचं, शाळेतल्या मुलांना विचारायचं. कुठे नुसती एक रेघ दिसायची, कुठे साचलेली माती आणि गवत दूर केल्यावर पूर्ण हत्ती उभा राहायचा. असं करता करता रत्नागिरी जिल्ह्यात हजाराच्या वर आकृत्यांची नोंद झाली. राज्याच्या पुरातत्त्व विभागानेही लक्ष घातलं. आणि 2022 मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्या यादीत आपल्या जिल्ह्यातली सात ठिकाणं आहेत : उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. शिवाय सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ.

एका दिवसाची वाट

सातही ठिकाणं एका दिवसात होत नाहीत, तसा हट्टही धरू नये. आम्ही पहाटे सहाला निघालो आणि उक्षी, कशेळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे अशी वाट धरून राजापूरवरून महामार्गाने रात्री परतलो. जवळजवळ दोनशे किलोमीटरचा फेरा झाला. दिवस मोठा होतो, पण कंटाळा येत नाही.

उक्षी मुद्दाम सकाळी घ्यावं. इथं कातळात कोरलेला मोठा हत्ती आहे. सकाळचं तिरपं ऊन पडलं की कोरलेल्या रेषेत सावली साठते आणि हत्ती एकदम उठून दिसतो. डोक्यावर ऊन आलं की तोच हत्ती कातळात विरघळून जातो. उक्षीच्या ग्रामस्थांचं कौतुक करावं तेवढं थोडं. त्यांनी पुढाकार घेऊन शिल्पाभोवती चिऱ्याचा बांध घातला, बघणाऱ्यांसाठी उंच जागा केली. आपल्या गावाचा ठेवा आपण राखायचा, हे कुणी वरून सांगायची वाट त्यांनी बघितली नाही.

तिथून पावसमार्गे कशेळी. कशेळी म्हटलं की आपल्याला कनकादित्याचं देऊळ आठवतं. दर्शन घ्यावंच. पण सड्यावरचा हत्ती बघून तोंडात बोट जातं. सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद! आपलं दोन खोल्यांचं घर आरामात मावेल एवढा. त्याच्या पोटात आणि भोवती आणखी कितीतरी प्राणी, पक्षी, मासे कोरलेले आहेत. जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेषा दिसतात, सोंड कुठली आणि पाय कुठला काही कळत नाही. आमच्यातल्या एका मैत्रिणीने विचारलेला प्रश्न मला फार आवडला. ती म्हणाली, "काढणाऱ्याला तरी अख्खा हत्ती कुठून दिसला असेल गं?" खरंच, शिडी नाही, मचाण नाही, आणि प्रमाण कुठे चुकलेलं नाही. तीस ठिपक्यांची रांगोळी काढताना आपला एक ठिपका हुकतो. इथं तर पुसायची सोयच नव्हती!

देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ चौकोनी नक्षीचं शिल्प आहे. हे नुसतं जुनं नाही, जिवंत आहे. गावच्या देवीच्या उत्सवाशी ही जागा जोडलेली आहे. ज्याने ते कोरलं त्याची भाषा, त्याचा देव, आपल्याला काही माहीत नाही. पण ही जागा साधी नाही, एवढं मात्र पिढ्यान्पिढ्या लोकांनी लक्षात ठेवलं. आमच्यातल्या दोघींनी तिथं पिशवीतलं हळद-कुंकू काढलं. एकीने टोकलं, "शिल्पावर नको, रंग चिकटतो. देवळात वाहू." आणि ते सगळ्यांना पटलं.

शेवटी देवाचे गोठणे. इथं कातळावर माणसाची आकृती आहे आणि होकायंत्र ठेवलं तर सुई भलतीच दिशा दाखवते! भुताटकी वगैरे काही नाही बरं का. तिथल्या कातळाच्या चुंबकीय गुणामुळे असं होतं. पण त्या माणसांना सुई माहीत नसताना त्यांनी नेमकी हीच जागा कशी निवडली, की तो नुसता योगायोग? गाडीत यावर परतीच्या वाटेवर राजापूरपर्यंत वाद रंगला होता. मालिकेतल्या सासू-सुनेची आठवणही कुणाला झाली नाही!

वाटेत एका सड्यावर गुरं घेऊन निघालेली एक आजी भेटली. आम्ही वाकून वाकून काय बघतोय, याचं तिला हसू येत होतं. ती म्हणाली, "आमी ल्हानपनी हितंच खेळायचो. ह्या माशावर बसून भाकरी खायचो." तिच्यासाठी तो वारसा नव्हता, अंगण होतं. मला वाटतं, शिल्पं इतकी वर्षं राहिली ती अशा माणसांमुळेच.

पण राहणार किती दिवस?

इथं मात्र मन थोडं खट्टू होतं. सडा म्हणजे पडीक जमीन, असा आपला सगळ्यांचा समज. तिथं चिरेखाण निघते, रस्ता जातो, प्लॉट पडतात, घरांसाठी सपाटी होते. एका दिवसात यंत्र जे खरवडून नेतं, ते पुन्हा उगवत नाही. ज्या चिऱ्यांनी आपली घरं उभी राहिली, तोच हा जांभा आहे, त्यामुळे खाणवाल्याकडे बोट दाखवून आपण मोकळ्या होऊ शकत नाही. त्यावर कुणाचं तरी पोटही आहे. पण खोदायच्या आधी कातळ झाडून बघायला काय हरकत आहे?

बारसूच्या सड्याचं नाव तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस, हे तिथलं गाजलेलं शिल्प. त्याच परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी एप्रिल 2023 मध्ये माती तपासणी सुरू झाली, तेव्हा गावच्या बाया भर उन्हात सड्यावर येऊन बसल्या होत्या. रोजगार हवा की सडा हवा, यावर एकेका घरात दोन-दोन मतं आहेत आणि ती असणारच. मुलं मुंबईला गेलेल्या घराला रोजगाराचं महत्त्व मी काय सांगणार! एवढंच वाटतं, की ज्याच्याबद्दल मत द्यायचं ते एकदा डोळ्यांनी बघितलेलं असावं. आपल्यातल्या किती जणी बारसूच्या सड्यावर उभ्या राहिल्या आहेत?

निघण्यापूर्वी...

तर मैत्रिणींनो, जायचं ठरलं तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात सडा देखणा असतो, पण निसरडा, आणि शिल्पं पाण्या-गवताखाली जातात. माणशी दोन लिटर पाणी घ्याच. टोपी नसेल तर सुती ओढणी किंवा पदर डोक्यावरून घ्यावा. पायात घट्ट चप्पल-बूट हवेत, मात्र शिल्पावर पाय देऊ नये. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस सोयीचा. आमच्या सत्तरीच्या काकू नऊवारीत सगळ्यांच्या पुढे होत्या, ते सोडा!

सगळ्यात महत्त्वाचं, सड्यावर स्वच्छतागृह नाही. बायका यासाठी दिवसभर पाणी पीत नाहीत आणि उन्हात चक्कर येऊन बसतात. म्हणून पावस, आडिवरे, राजापूर असे थांबे आधीच ठरवून घ्या. गावात गेल्यावर सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना सांगून गावचाच वाटाड्या घ्या आणि त्याला योग्य ते पैसे द्या. जमलं तर जेवणाचंही गावातच सांगा. आम्ही एका बचत गटाच्या ताईंकडे आदल्या दिवशी निरोप दिला होता. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि वर सोलकढी. पोटही भरलं आणि गावात चार पैसेही आले. पाहुणे आले की उत्पन्न होतं, हे दिसलं की सडा पडीक वाटेनासा होतो. जतनाचा याहून सोपा उपाय मला तरी माहीत नाही.

खडूने रेषा रंगवणं, पाणी ओतून फोटो काढणं, नाव कोरणं हे अजिबात नको. मुलांना मात्र जरूर न्या. इतिहासाच्या पुस्तकातला अश्मयुगाचा धडा त्यांना मार्कांपुरता माहीत असतो. तो आपल्या गावच्या वेशीवर आहे, हे कळलं की डोळे कसे मोठे होतात ते बघा.

आणि ज्यांना इतक्या लांब जमणार नाही, त्यांनी एक करावं. आपल्या सासरी-माहेरी सडा असेल, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारावं, "आपल्या सड्यावर कधी चित्रं बघितलीत का हो?" आजवर अशाच प्रश्नांतून कितीतरी शिल्पं सापडली आहेत. पुढचं कदाचित तुमच्या आजेसासूबाईंना माहीत असेल. आजपर्यंत त्यांना कुणी विचारलंच नसेल!