फॉर्म कोणी भरावा?

आम्ही मूळचे हमाल. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण मोंढ्यात हळदीचे कट्टे वाहता वाहता झाले. मोंढ्यातला पहिला धडा असा की, काट्यावर वजन ज्याने पाहिले, पट्टीवर आकडा त्यानेच लिहायचा. गादीवर बसून अंदाजाने लिहिलेले वजन कोणताही शेतकरी मान्य करीत नाही. पुढे आम्ही आशाताईंच्या संघटनेचे काम करू लागलो. तेथे कागदाच्या वाटणीचा प्रश्न आला, तेव्हा हाच धडा उपयोगी पडला. पण तो आठवायला उशीर लागला, हेही कबूल केले पाहिजे.

आशा योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. साधारण हजार वस्तीमागे एक ताई. तिच्या अनेक कागदांपैकी एक म्हणजे ज्याला सारे 'सीबॅक' म्हणतात तो फॉर्म. तीस वर्षांवरील प्रत्येक माणसाचा तो भरायचा असतो. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि घरातला रक्तदाब-मधुमेह यांना गुण असतात. बेरीज चारांवर गेली की त्या माणसाची तपासणी आधी करायची. साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत : चालताना तोल जातो का? जेवण, अंघोळ, कपडे, संडास यांत दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्यांची नावे विसरतात का?

या शेवटच्या प्रश्नांचे मोल आपल्या जिल्ह्यात फार आहे. दसरा उलटला की सेनगाव-कळमनुरीकडच्या कित्येक वाड्यातांड्यांवरून तरणी माणसे ऊसतोडीला जातात. मागे राहतात म्हातारी माणसे. त्यांचा तोल जातो की नाही, हे पाहणारे डोळे बहुधा ताईचेच असतात.

आता हिशेब करू. उदाहरणादाखल एका ताईकडे अशी चारशे माणसे धरा. माणशी पंधरा मिनिटे लागली, तर शंभर तास झाले. तीच माहिती पुन्हा मोबाईलमध्ये भरायला माणशी पाच मिनिटे धरली, तर आणखी तेहतीस तास. लसीकरण, गरोदर बायांच्या भेटी, सर्वेक्षणे ही कामे शिवाय आहेतच. म्हणून आम्ही मागणी केली की, हे कागद ताईकडून काढून घ्या आणि दुसऱ्या कोणाकडेही द्या.

एका गावी तसेच झाले. महिनाअखेर जवळ आली होती. उरलेले फॉर्म उपकेंद्रात बसून मतदारयादीवरून भरले गेले. एका आजीच्या फॉर्मावर मदतीच्या प्रश्नापुढे 'नाही' अशी खूण झाली. आजीला उंबरा ओलांडायलाही भिंत धरावी लागे, हे ताईला ठाऊक होते. पण तिला कोणी विचारले नाही. महिन्याभरात आजी न्हाणीत पडली, मांडीचे हाड मोडले. खूण बरोबर असती तर हाड वाचलेच असते, असे आम्ही म्हणत नाही. पण कोणी तरी घरी जाऊन पाहिले असते, एवढे खास. त्या दिवशी आमची मागणी अर्धी चूक होती, हे आम्हांस कळले. ओझे खरे होते, उपाय खोटा होता.

ही अडचण आपलीच आहे असे नव्हे. अमेरिकेत वृद्धांच्या शुश्रूषागृहांसाठी १९८७ साली कायदा झाला. तेथे प्रत्येक रहिवाशाचे मूल्यमापन दाखल झाल्यापासून चौदा दिवसांत आणि पुढे निदान दर तीन महिन्यांनी करावे लागते. ते एकट्याने करायचे नसते. औषधांचे एक पाहील, चालण्याचे दुसरा, जेवणाचे तिसरा. मात्र ज्याने जो भाग भरला, त्याने त्या भागाखाली सही करून खरेपणाची हमी द्यायची, आणि सारे पुरे झाल्याची सही नोंदणीकृत परिचारिकेने करायची. वाटणी आहे, पण जबाबदारीही वाटणीबरोबर चालते.

आपल्याकडे याचा अर्थ काय? घरातले प्रश्न ताईने भरावेत. रक्तदाब आणि साखर सिस्टरने मोजावी व तिनेच लिहावी. साऱ्याचा मेळ समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने घालावा, आणि जेथे खूण व नोंद जुळत नाही तेथे ताईला विचारल्याशिवाय खाडाखोड करू नये. एकदा लिहिलेले पुन्हा उतरवण्याचे काम मात्र खुशाल दुसऱ्या हाताने करावे. त्याला माणूस पाहावा लागत नाही. आणि ज्याचा वेळ जातो त्याला त्या वेळेचा मोबदला मिळावा. तो नसला, तर महिनाअखेरीस खुणा अंदाजानेच पडणार. दोष माणसाच्या नीतीचा कमी, दिवसाच्या तासांचा जास्त.

काही ताई आम्हांस विचारतात, "भाऊ, सही केली आणि चूक निघाली तर आमच्यावरच येईल ना?" भीती रास्त आहे. म्हणूनच सही आपण पाहिले त्यापुरतीच करावी, आणि न पाहिलेल्या रकान्यापुढे 'पाहिले नाही' असे लिहिण्याची मुभा मागावी. त्या मुभेसाठी भांडायला संघटना आहे. कोरा रकाना कोणाला तरी पुन्हा त्या घरी धाडतो. खोटी खूण ते दार बंद करून टाकते.

कागदाची वाटणी करा, जरूर करा. पण पाहणारे डोळे आणि लिहिणारा हात यांची ताटातूट करू नका. मोंढ्यातला हमालही एवढे जाणतो.