घडीतली भूमिती

एक चौरस कागद घ्या. वरच्या कडेचा मध्य चिमटीने खूण करून ठेवा. आता खालचा उजवा कोपरा उचलून नेमका त्या खुणेवर टेकवा आणि घडी दाबा. तिरकी झालेली खालची कड डाव्या कडेला जिथे छेदते, तिथे त्या कडेचा बरोबर एकतृतीयांश भाग खाली उरतो. पट्टी नाही, कंपास नाही!

ही घडी शोधणारे काझुओ हागा गणिताचे नव्हे, जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. 1994 मध्ये ओत्सु येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय ओरिगामी परिषदेत त्यांनी घड्यांतून भूमिती शोधण्याच्या या अभ्यासाला ‘ओरिगामिक्स’ असे नाव सुचवले. यात पक्षी-प्राणी करायचे नसतात. घडी घालायची, उलगडायची आणि उमटलेल्या रेघांकडे पाहत बसायचे. मला यातले पाहत बसणे फार मोलाचे वाटते, कारण प्रश्न तिथेच सुचतो, आणि तोही मुलाला स्वतःला.

पहिल्या घडीकडेच पुन्हा पाहा. कागदाची बाजू 8 धरा. वर उजवीकडे तयार झालेल्या काटकोन त्रिकोणाच्या बाजू 3, 4 आणि 5 येतात. डावीकडचा त्रिकोण त्याच्याशी समरूप, बाहेर डोकावणारा चिमुकला तिसराही समरूप. फळ्यावर रुक्ष वाटणारी समरूपता इथे बोटांखाली सापडते.

हागांच्या मागे जपानमधली घड्यांची मोठी परंपरा आहे. एकाच कागदातून एकमेकांना जोडलेले क्रौंच कसे करावेत, हे शिकवणारे ‘हिदेन सेंबाझुरु ओरिकाता’ हे पुस्तक 1797 चे. अशा घड्यांना कागदही तसाच हवा: कोझो झाडाच्या सालीपासून हाताने केलेल्या जपानी वाशी कागदाचे तंतू लांब आणि चिवट, त्यामुळे तो पुनःपुन्हा दुमडला तरी सहज फाटत नाही. पुढे कोर्यो मिउरा या अंतराळ अभियंत्याने एका ओढीत उलगडणारी घडी शोधली. 1995 मध्ये जपानच्या ‘स्पेस फ्लायर युनिट’ या उपग्रहावर ती अवकाशात उलगडून पाहिली गेली.

आपल्याकडेही टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक 1893 मध्येच मद्रासला छापले होते. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी साध्यासुध्या वस्तूंतून मुलांना विज्ञान शिकवले, त्यात कागदाच्या घड्याही होत्या.

पुन्हा तोच कागद घ्या. या वेळी कोपरा मध्यावर न नेता, वरच्या कडेवर उजवीकडून पाव अंतरावर टेकवा. डाव्या कडेवर वरून किती भाग तुटला? पाचातले दोन. आता खूण आणखी थोडी सरकवून पाहा.